योहान विल्हेल्म मायगेन

योहान विल्हेल्म मायगेन (३ मे १७६४, झोलिंगेन – ११ जुलै १८४५, श्टोलबर्ग) हे जर्मन कीटकशास्त्रज्ञ, चित्रकार व शिक्षक होते. घरमाशी, डास, गोमाशी, फळांवर घोंगावणारी चिलटे अशा दोनच पंख असलेल्या कीटकांच्या, म्हणजे द्विपंखी गणाच्या, शास्त्रशुद्ध अभ्यासाचे ते जनक मानले जातात. लहानशा माशीचे छायाचित्र पाहून तिचे कुल किंवा प्रजाती सांगू पाहणारा अभ्यासक आज जी लक्षणे प्रथम तपासतो, ती शृंगिकांची ठेवण व पंखांतील शिरांची रचना ही लक्षणे वर्गीकरणाच्या पायाशी आणून ठेवण्याचे काम मुख्यतः मायगेन यांचे आहे. त्यांनी कोणत्याही विद्यापीठात शिक्षण घेतले नव्हते. एका छोट्या औद्योगिक गावात फ्रेंच शिकवून ते उपजीविका करीत आणि उरलेल्या वेळात माश्यांची चित्रे काढीत.

बालपण आणि शिक्षण

चाकू, सुऱ्या व तलवारींच्या पात्यांसाठी प्रसिद्ध असलेल्या झोलिंगेन गावी मायगेन यांचा जन्म झाला. आठ भावंडांत ते पाचवे. आईवडिलांचे गावात लहानसे दुकान होते. त्यांच्या आजोबांकडे शेतीवाडी होती. पण सप्तवार्षिक युद्धाच्या काळात ती कर्जात बुडाली होती. योहान दोन वर्षांचा असताना आजीआजोबा वारले आणि कुटुंब त्या वाडीवर राहावयास गेले. पुढे नापिकी व फसलेले व्यवहार यांमुळे ती विकावी लागली आणि सारे कुटुंब पुन्हा झोलिंगेनला परतले. मायगेन यांच्या आयुष्याला जी गरिबी अखेरपर्यंत चिकटून राहिली, तिचा आरंभ येथे आहे.

शाळेत ते फारच थोडा काळ गेले. घरी भाड्याने राहणाऱ्या श्टाम नावाच्या भूमापकाने त्यांना गणित शिकवले. बेर्गर नावाचे ऑर्गनवादक व शिक्षक कुटुंबाचे स्नेही होते. त्यांच्याकडून पियानो, शुद्धलेखन, सुलेखन व नंतर फ्रेंच भाषा यांचे धडे मिळाले. भूमापकाकडून मापाची शिस्त आणि सुलेखनकाराकडून बारीक रेषेवरचा ताबा या दोन गोष्टी त्यांना लहानपणीच लाभल्या. त्यांची पुढची चित्रे पाहिली म्हणजे हे शिक्षण विद्यापीठाच्या तोडीचे ठरले असे म्हणण्यास हरकत नाही. बेर्गर कोलोनजवळच्या म्युलहाइम येथे गेल्यावर मायगेन त्यांचे साहाय्यक शिक्षक झाले. फुलपाखरांचा पद्धतशीर मांडलेला संग्रह त्यांनी याच सुमारास प्रथम पाहिला, आणि कीटक पकडून टाचणीवर कसे जतन करावयाचे ते शिकून घेतले.

आखेन आणि बाउमहाउअर

पुढे घरगुती शिक्षक म्हणून मायगेन आखेन शहरी गेले. तेथे योहान मथियास बाउमहाउअर या व्यापाऱ्याशी त्यांची ओळख झाली. बाउमहाउअर उत्साही संग्राहक होते. त्यांचा मूळ ओढा फुलपाखरांकडे होता. पण व्यापारानिमित्त व हौसेने केलेल्या प्रवासांत ते इतर कीटकही जमवीत, आणि त्यांनी आणलेल्या माश्या मायगेन यांना अभ्यासासाठी मिळू लागल्या. दूरच्या प्रदेशांत स्वतः जाण्याची ऐपत नसलेल्या शिक्षकाला हा स्नेह अतिशय मोलाचा ठरला.

माश्यांकडे वळण्याचे कारण साधे होते. फुलपाखरांचे व भुंग्यांचे संग्राहक पुष्कळ होते. माश्यांकडे मात्र फारसे कोणी पाहत नसे. हाताशी असलेल्या ग्रंथावरून पकडलेल्या माश्या ओळखू पाहिल्या, तर त्या ओळखताच येत नसत. कार्ल लिनियस यांनी १७५८ मध्ये सर्व द्विपंखी कीटक अवघ्या १० प्रजातींत बसवले होते. (येथे प्रजाती म्हणजे एकमेकींशी निकटच्या जातींचा गट.) घरमाशीसारख्या दिसणाऱ्या शेकडो जाती एकाच प्रजातीच्या नावाखाली दाटीने भरल्या होत्या. लिनियस यांचे शिष्य योहान क्रिस्टियान फाब्रिसियस यांनी मुखावयवांच्या आधारे निराळी व्यवस्था लावली; परंतु चिलटाएवढ्या कीटकाची सोंड उलगडून तिचे भाग तपासणे हे वाळलेल्या नमुन्यावर जवळजवळ अशक्य असते, आणि त्या प्रयत्नात नमुना मोडतो तो वेगळाच.

पंखांतील शिरा

मायगेन यांनी आपल्याजवळच्या माश्या प्रथम पंखांतील शिरांच्या मांडणीवरून वेगळ्या केल्या व मागाहून शृंगिकांची जोड दिली. या पद्धतीचे सामर्थ्य समजण्यासाठी माशीची शरीररचना थोडी पाहावी लागते.

बहुतेक पंखधारी कीटकांना पंखांच्या दोन जोड्या असतात. द्विपंखी कीटकांत मागील जोडीचे रूपांतर दोन छोट्या दांडीवजा अवयवांत झालेले असते. त्यांना संतोलक म्हणतात. उडताना तोल राखणे हे त्यांचे काम. राहिलेली पुढील जोडी पातळ, पारदर्शक असते आणि तिला शिरांचे जाळे ताठ ठेवते. या शिरा कोठे फुटतात, कोठे वळतात, कोठे एकमेकींस आडव्या शिरेने जोडल्या जातात हे एका जातीच्या सर्व माश्यांत जवळजवळ सारखे असते. माशी वाळली, रंग उडाला, केस गळले, तरी शिरा तशाच राहतात. शिवाय त्या एकाच प्रतलात असल्यामुळे कागदावर अचूक उतरवता येतात. आजच्या छायाचित्रातही त्या उतरतात त्या याच कारणाने.

काही उदाहरणे नेहमीच्या पाहण्यातली आहेत. घरमाशीच्या पंखाच्या टोकाजवळ एक मोठी शीर एकदम कोपऱ्यासारखी वळून पुढच्या शिरेजवळ जाते. खोलीच्या मध्यभागी दिव्याखाली गिरक्या घेणारी लहान घरमाशी हिचीच धाकटी बहीण वाटते. पण तिच्या पंखात ते वळण नसते, शीर सरळ कडेला जाते. फुलांवर हवेत स्थिर राहणाऱ्या, गांधीलमाशीचे सोंग घेणाऱ्या माश्यांच्या पंखात कोठूनही न निघणारी व कोठेही न पोहोचणारी एक आभासी शीर असते. ती दिसली की पिवळ्याकाळ्या पट्ट्यांनी फसण्याचे कारण उरत नाही. केळ्यांभोवतीच्या चिलटाच्या पंखाची पुढची कड दोन ठिकाणी तुटलेली दिसते. पंख शरीरापासून थोडा दूर धरलेला असेल आणि प्रकाश मागून येत असेल, तर ही सारी लक्षणे साध्या छायाचित्रात वाचता येतात.

शिरांचा उपयोग करणारे मायगेन हे पहिलेच नव्हेत. इंग्लंडमधील चित्रकार मोझेस हॅरिस यांनी १७७६ पासून प्रसिद्ध केलेल्या आपल्या इंग्लिश कीटकांवरील ग्रंथात माश्यांच्या पंखांचे विन्यास रेखाटून त्यांवरून गट पाडले होते. परंतु संपूर्ण युरोपातील द्विपंखी कीटकांना ही कसोटी सातत्याने लावून प्रजातींची घडी बसवली ती मायगेन यांनीच.

श्टोलबर्ग आणि १८०० चा निबंध

१७९६ मध्ये मायगेन आखेनजवळच्या श्टोलबर्ग येथे फ्रेंचचे शिक्षक झाले आणि जन्मभर तेथेच राहिले. पितळेच्या कारखान्यांचे हे गाव. ऱ्हाइन नदीच्या डाव्या तीरावरील हा प्रदेश तेव्हा फ्रेंचांच्या ताब्यात होता; त्यामुळे फ्रेंच भाषा येणाऱ्यास काम मिळत असे, एवढाच काय तो राजकीय उलथापालथीचा त्यांना झालेला लाभ.

१८०० मध्ये पॅरिस येथे त्यांचा पहिला निबंध फ्रेंच भाषेत प्रसिद्ध झाला. दोन पंखांच्या माश्यांचे नवे वर्गीकरण असा त्याचा विषय होता. त्यात नव्या प्रजातींची नावे व त्यांची थोडक्यात लक्षणे होती. परंतु कोणत्या प्रजातीत कोणत्या जाती येतात हे सांगितलेले नव्हते. निबंधाकडे कोणाचे विशेष लक्ष गेले नाही. १८०३ मध्ये कीटकशास्त्रज्ञ योहान कार्ल विल्हेल्म इलिगर यांच्या नियतकालिकात मायगेन यांनी आपली व्यवस्था जर्मनमध्ये पुन्हा मांडली. या वेळी उदाहरणादाखल जातीही दिल्या. मात्र पुष्कळ प्रजातींना त्यांनी १८०० मधील नावे सोडून नवीच नावे दिली. अभ्यासकांनी ही १८०३ ची नावे स्वीकारली आणि शंभर वर्षे ती निर्वेध चालली.

१९०८ मध्ये ऑस्ट्रियातील कीटकशास्त्रज्ञ फ्रीड्रिख हेन्डेल यांनी विस्मृतीत गेलेला १८०० चा निबंध उजेडात आणला. प्राणिशास्त्रीय नामकरणात आधी दिलेल्या नावाचा हक्क पहिला. या नियमाने कायरोनोमस ऐवजी टेंडिपेस, टॅकिना ऐवजी लार्व्हिव्होरा, मायसेटोफिला ऐवजी फंजिव्होरा अशी नावे वापरावयास हवीत, असे काहींनी धरले. इतरांनी जुनीच नावे चालू ठेवली. एकाच माशीवर लिहिलेले संशोधन दोन नावांखाली विखुरले जाऊ लागले. ही अनवस्था अर्धे शतक टिकली. अखेर १९६३ मध्ये आंतरराष्ट्रीय प्राणिशास्त्रीय नामकरण आयोगाने १८०० चा निबंध नामकरणापुरता रद्दबातल ठरवला. एका लेखकाची दोन प्रकाशने एकमेकांविरुद्ध उभी राहावीत आणि त्यांतील पहिले त्याच्या मृत्यूनंतर ११८ वर्षांनी बाद व्हावे, असे प्रसंग विज्ञानाच्या इतिहासात थोडेच आहेत.

मुख्य ग्रंथ

श्टोलबर्गमध्ये एकाकी राहणाऱ्या या शिक्षकाच्या चित्रांचे मोल ओळखणारे पहिले वजनदार गृहस्थ म्हणजे निसर्गअभ्यासक काउंट योहान सेंचुरियस फॉन होफमनझेग. इलिगर हे त्यांच्या निकटच्या वर्तुळातील. युरोपातील द्विपंखी कीटकांवरील मायगेन यांच्या पहिल्या मोठ्या ग्रंथाचा पहिला खंड १८०४ मध्ये ब्राउनश्वाइग येथे निघाला. पुढील खंड निघालेच नाहीत. त्यानंतर नेपोलियनच्या युद्धांची वर्षे आली.

१८१८ मध्ये, वयाच्या ५४ व्या वर्षी, मायगेन यांनी सर्व काम नव्याने आरंभिले. युरोपातील ज्ञात द्विपंखी कीटकांचे पद्धतशीर वर्णन अशा अर्थाचे नाव असलेल्या या ग्रंथाचे सात खंड २० वर्षांत प्रसिद्ध झाले: पहिला १८१८ मध्ये, सातवा १८३८ मध्ये. चित्रे त्यांची स्वतःची होती. नमुने निरनिराळ्या ठिकाणांहून येत. व्हिएन्नातील संग्रह, कील येथील प्राध्यापक क्रिस्टियान रुडोल्फ विल्हेल्म विडेमन, हॅम्बुर्गचे विल्हेल्म फॉन विंटहेम हे त्यांचे मुख्य आधार. विडेमन युरोपाबाहेरील माश्यांचा अभ्यास करीत. युरोपातील माश्या मायगेन यांच्याकडे आणि बाहेरच्या विडेमन यांच्याकडे अशी कामाची वाटणीच जणू झाली होती.

एवढे करूनही या ग्रंथाने त्यांची चूल पेटत नव्हती. वर्गातले शिकवणे, खासगी शिकवण्या व चित्रकाम यांवर संसार चाले. याच काळात त्यांनी युरोपातील फुलपाखरांवर एक सचित्र ग्रंथ आणि जर्मनीतील वनस्पतींवर दुसरा, असे दोन वेगळ्या विषयांवरील ग्रंथही लिहिले.

अॅनोफिलिस आणि एडिस

सात खंडांतील पहिल्याच खंडात, १८१८ मध्ये, मायगेन यांनी डासांचा एक छोटा प्रश्न सोडवला. लिनियस यांनी सर्व डास क्युलेक्स या एकाच प्रजातीत ठेवले होते. मायगेन यांनी सोंडेच्या दोहो बाजूंस असणारे स्पर्शक मोजले. काही डासांत नर व मादी दोघांचेही स्पर्शक सोंडेइतके लांब होते. त्यांस त्यांनी अॅनोफिलिस हे नाव दिले. काहींत दोघांचेही आखूड होते. त्यांस एडिस म्हटले. नराचे लांब व मादीचे आखूड असलेले क्युलेक्समध्ये राहिले. अॅनोफिलिस या ग्रीक शब्दाचा अर्थ निरुपयोगी, एडिसचा अर्थ नकोसा. या डासांचा रोगांशी काही संबंध असेल याची तेव्हा कोणास कल्पना नव्हती. नावे ठेवताना केवळ डासांविषयीचा सार्वत्रिक वैताग कामी आला असावा.

२० ऑगस्ट १८९७ रोजी सिकंदराबाद येथे रोनाल्ड रॉस यांना एका डासाच्या जठराच्या भिंतीत हिवतापाच्या परजीवींच्या पेशी दिसल्या. रॉस हे लष्करी वैद्य होते, कीटकशास्त्रज्ञ नव्हते. त्या डासाचे शास्त्रीय नाव त्यांस ठाऊक नव्हते. पंखांवर ठिपके असलेला डास एवढेच वर्णन ते करू शकले. तो मायगेन यांच्या अॅनोफिलिस प्रजातीतील होता. इटलीतील प्राणिशास्त्रज्ञ जोव्हानी बात्तिस्ता ग्रास्सी यांनी पुढच्याच वर्षी माणसाचा हिवताप अॅनोफिलिस डासच पसरवतात हे नावानिशी दाखवले. या शोधाच्या श्रेयावरून दोघांत झालेला वाद कडवट होता. त्यात ग्रास्सी यांच्या बाजूचे एक बळ हे होते की, त्यांना डास ओळखता येत होते.

मुंबईच्या दृष्टीने ही ओळख फार व्यावहारिक महत्त्वाची ठरली. चार्ल्स बेंटली यांनी १९११ मध्ये मुंबईतील हिवतापाविषयी दिलेल्या अहवालात शहरातील रोगाचा दोष दलदलीतल्या साऱ्याच डासांवर न येता अॅनोफिलिस स्टीफेन्सी या एका जातीवर आला. ही जाती घरांच्या आवारातील विहिरींत व पाण्याच्या टाक्यांत वाढते. कोणता डास हे ठरल्यावरच कोणते पाणी झाकावयाचे हे ठरवता आले.

मायगेन यांच्या पद्धतीची मर्यादाही डासांनीच दाखवून दिली. १८१८ मध्येच त्यांनी अॅनोफिलिस मॅक्युलिपेनिस या जातीचे वर्णन केले होते. युरोपात काही भागांत हा डास विपुल असूनही हिवताप नव्हता, आणि काही भागांत दोन्ही होते. या कोड्याने संशोधक बरीच वर्षे हैराण होते. १९२० च्या दशकात इटलीतील आरोग्य निरीक्षक डोमेनिको फॅलेरोनी यांनी या डासांच्या अंड्यांवरील नक्षी निरनिराळी असल्याचे पाहिले. एका नावाखाली अनेक जाती लपल्या होत्या; त्यांतील काही माणसाला चावून रोग पसरवत, काही मुख्यतः जनावरांवर जगत. प्रौढ डास मात्र दिसावयास सारखेच होते. अशा ठिकाणी चित्र कितीही अचूक असले आणि छायाचित्र कितीही स्पष्ट असले, तरी उत्तर मिळत नाही.

काळ्या पोटाचे चिलट

सहाव्या खंडात, १८३० मध्ये, एका लहान चिलटाचे वर्णन आहे. त्याला मायगेन यांनी ड्रॉसोफिला मेलॅनोगॅस्टर असे नाव दिले. ड्रॉसोफिला ही प्रजाती स्वीडनमधील कार्ल फ्रेड्रिक फालेन यांनी १८२३ मध्ये स्थापिली होती. मेलॅनोगॅस्टर म्हणजे काळ्या पोटाचे. नराच्या पोटाचा शेवटचा भाग खरोखरच काळा असतो. हजारो वर्णनांतील हे एक. त्याला ग्रंथात काही विशेष स्थान नाही. पुढे थॉमस हंट मॉर्गन यांनी न्यू यॉर्क येथे याच चिलटावर प्रयोग केले, १९१० मध्ये पांढऱ्या डोळ्यांच्या नरापासून जनुके गुणसूत्रांवर असतात याचा पुरावा उभा केला, आणि १९३३ चे नोबेल पारितोषिक मिळवले. आनुवंशिकीच्या प्रत्येक पाठ्यपुस्तकात आज मायगेन यांनी दिलेले नाव छापलेले असते. विद्यार्थ्यांना नाव देणाराचा पत्ता क्वचितच असतो. ड्रॉसोफिला प्रजातीची विभागणी झाल्यास हे नाव बदलावे लागेल अशी चर्चा एकविसाव्या शतकात निघाली; पण ते टिकवण्यासाठी केलेला विशेष अर्ज नामकरण आयोगाने २०१० मध्ये नामंजूर केला. विभागणी सर्वमान्य न झाल्याने नाव अजून तरी जागेवर आहे.

या चिलटाचीही एक जुळी जाती आहे. मॉर्गन यांचे सहकारी आल्फ्रेड स्टर्टेव्हंट यांनी १९१९ मध्ये ड्रॉसोफिला सिम्युलन्स वेगळी केली. नरांच्या जननांगातील एका तुकड्याच्या आकाराने दोन्ही ओळखता येतात. मादी छायाचित्रावरून ओळखू असा दावा जाणकार करीत नाहीत.

मायगेन यांनी नाव दिलेली आणखी एक उपयोगी माशी म्हणजे १८२६ मधील ल्युसिलिया सेरिकाटा, अंगावर हिरवी झळाळी असलेली. न भरणाऱ्या जखमांतील मृत मांस खाऊन टाकण्यासाठी तिच्या निर्जंतुक अळ्या रुग्णालयांत वापरतात, आणि मृत्यूची वेळ ठरवण्यासाठी न्यायवैद्यकातही तिचा आधार घेतात.

अखेरची वर्षे आणि चित्रसंग्रह

वृद्धापकाळी मायगेन यांच्या कामाची कीर्ती युरोपभर पसरली होती. बॉन विद्यापीठाने १८४५ मध्ये त्यांना सन्माननीय डॉक्टरेट दिली. त्याच वर्षी ११ जुलै रोजी श्टोलबर्ग येथे ते मृत्यू पावले. त्यांनी लिहिलेल्या आत्मवृत्ताच्या आधारे आखेनमधील शिक्षक व कीटकशास्त्रज्ञ आर्नोल्ड फ्योर्स्टर यांनी पुढच्या वर्षी त्यांचे चरित्र प्रसिद्ध केले. बालपणाविषयीची बहुतेक माहिती तेथूनच येते.

त्यांचा माश्यांचा संग्रह पॅरिसच्या राष्ट्रीय निसर्गेतिहास संग्रहालयात आहे. त्यांनी वर्णिलेले इतर बरेच नमुने विंटहेम यांच्या संग्रहासह व्हिएन्नात आहेत. त्यांची वर्णने आजच्या मानाने त्रोटक वाटतात. अंगावरील राठ केसांची संख्या व जागा यांना पुढील अभ्यासकांनी जे महत्त्व दिले ते त्यांत नाही, म्हणून एखाद्या नावाविषयी शंका आली की मूळ नमुना पाहण्यावाचून गत्यंतर नसते.

मूळ रंगीत चित्रेही पॅरिसला गेली. तीनशेहून अधिक फलकांवर माशी, तिचा पंख व तिची शृंगिका रंगांत रेखाटलेली आहेत. छापील ग्रंथात यांचा थोडाच अंश आला होता, कारण रंगीत फलक छापण्याचा खर्च झेपणारा नव्हता. कीटकशास्त्रज्ञ ग्युंटर मोर्गे यांच्या प्रयत्नाने ही चित्रे १९७५ व १९७६ मध्ये प्रथमच रंगांत छापली गेली. चित्रकाराला जाऊन तोवर १३० वर्षे झाली होती. त्यांतील कित्येक पंख आजही छायाचित्राशेजारी ठेवून शिरेला शीर ताडून पाहता येतात.